चिखल उतरवताना : पावसाळी फेरीनंतर एटीव्हीची धुलाई आणि निगा

[दृश्य : मावळातील एका साहसी क्रीडा केंद्राचे आवार. चाकांपासून हँडलपर्यंत चिखलाने माखलेल्या एटीव्ही एका ओळीत उभ्या आहेत.]

जूनमध्ये मोसमी पाऊस सह्याद्रीवर स्थिरावला की लोणावळा, कामशेत, पवना धरणाचा परिसर आणि महाबळेश्वर-पाचगणीकडच्या क्रीडा केंद्रांवर एटीव्हीच्या, म्हणजे जाड टायरांच्या, हँडलने वळवायच्या खुल्या चारचाकीच्या, फेऱ्यांना खरा रंग चढतो. वर्षाला ५००० मिलिमीटरहून अधिक पाऊस झेलणाऱ्या महाबळेश्वरसारख्या भागात सप्टेंबरपर्यंत या गाडीला कोरडी वाट अशी मिळतच नाही. फेरी संपते, पर्यटक कपडे बदलायला जातात आणि गाडी धुलाईच्या फरशीवर येते. ती किती वर्षे टिकणार, हे बऱ्याच अंशी या फरशीवर ठरते.

चिखल सगळीकडे सारखाच, असे मानून चालत नाही. कोकणातील आणि घाटमाथ्यावरील जांभ्याची तांबडी माती लोह आणि ॲल्युमिनियमच्या ऑक्साइडांनी भरलेली व खरखरीत असते. तिच्यातील बारीक कण ब्रेकचे पॅड आणि डिस्क यांच्यामध्ये अडकले, की प्रत्येक ब्रेकसरशी पॉलिश पेपरसारखे घासत राहतात. देशावरची काळी माती निराळी. बेसाल्टच्या झिजेतून तयार झालेल्या या मातीतील चिकण अंश पाणी पिऊन फुगतो, वाळताना आकसतो आणि ज्याला धरतो त्याला सहजासहजी सोडत नाही. रेडिएटरच्या जाळीत ती ओली असेल, तर पाण्याच्या साध्या धारेने निघते. पण एका दुपारचे ऊन लागले, की ती टोकदार वस्तूने खरवडण्याची पाळी येते आणि त्या खरवडण्यात जाळीची नाजूक पाती वाकतात.

म्हणून गाडी त्याच दिवशी धुवावी, मात्र आल्या आल्या नव्हे. इंजिन, सायलेन्सर आणि ब्रेकच्या डिस्क हाताला सोसवतील इतक्या निवू द्याव्यात. तापलेल्या धातूवर गार पाणी पडले, की तो एकदम आकसतो आणि डिस्क वाकण्याचा धोका असतो. तापलेल्या डिफरन्शियलच्या, म्हणजे डाव्या-उजव्या चाकांना ताकद वाटून देणाऱ्या गिअरच्या, पेटीत तर आतली हवाही आकसते आणि बाहेरून काही ना काही ओढून घेऊ पाहते. ओढ्यातून गाडी नेताना हेच घडते : पेटीतील हवेला ये-जा करू देणारी ब्रीदर नळी तुटलेली किंवा चिखलाने बुजलेली असेल, तर ऑइल सीलच्या कडेने पाणी आत शिरते.

[दृश्य : गाडीखालील संरक्षक पत्रा सोडवला जात आहे. त्यावर साचलेला गवत आणि चिखलाचा थर.]

पाणी सुरू करण्याआधी गाडीच्या पोटाखालचा पत्रा पाहावा. चिखलासोबत गवत, पाने आणि काटक्या तिथे दबून बसतात. ओले असताना ते निरुपद्रवी वाटतात. परंतु सायलेन्सरच्या नळीजवळ वाळलेले गवत पेट घेऊ शकते, त्यामुळे हा कचरा हातानेच काढावा. त्यानंतर सायलेन्सरचे तोंड आणि हवा आत घेणाऱ्या नळ्यांची तोंडे प्लास्टिकची पिशवी बांधून बंद करावीत.

आता प्रेशर वॉशर. एटीव्हीचे सर्वाधिक नुकसान, आमच्या मते, चिखलाने होत नाही. ते घाईघाईने मारलेल्या जोरदार फवाऱ्याने होते. बेअरिंगचे सील बाहेरचा चिखल अडवण्यासाठी बनवलेले असतात. जवळून नेम धरून मारलेल्या उच्च दाबाच्या धारेपुढे त्यांचा टिकाव लागत नाही. तेव्हा जी माती सीलच्या बाहेर निमूट बसली होती, तीच पाण्यासोबत आत जाते, ग्रीस वाहून जाते आणि काही आठवड्यांनी चाक घरघरू लागते. म्हणून आधी साध्या पाइपने सगळा चिखल भिजवावा, दहा-पंधरा मिनिटे मुरू द्यावा आणि मगच रुंद फवाऱ्याचे नोझल दोन फुटांवर धरून मडगार्ड, चाके व पत्रे धुवावेत. चाकांचे हब, वायरींची जोडणी, हँडलवरील बटणे, मीटर आणि बॅटरीच्या आसपास केवळ मऊ ब्रश, गाड्यांसाठीचा शाम्पू आणि हलकी धार वापरावी, हे उत्तम.

रेडिएटरच्या बाबतीत दिशा महत्त्वाची आहे. चिखल समोरून आत दाबला गेलेला असतो. समोरूनच पाणी मारले, तर तो आणखी खोल रुततो. इंजिनाच्या बाजूने बाहेर अशी हलकी धार सोडत राहावी आणि जाळीतून उजेड आरपार दिसेपर्यंत थांबू नये. संथ गतीने चढण चढणाऱ्या गाडीला समोरून वारा फारसा मिळत नाही, सारी भिस्त पंख्यावर असते. जाळी बुजली, तर पंखा अखंड फिरूनही इंजिन तापते.

[दृश्य, अगदी जवळून : पुढच्या चाकामागील रबरी बूट. दोन बोटांनी त्याची एकेक घडी उघडली जात आहे.]

धुतलेल्या गाडीवरच तपासणी नीट होते. चारही चाकांना ताकद देणाऱ्या, स्वतंत्र सस्पेन्शनच्या गाडीत सीव्ही जॉइंटवर, म्हणजे चाक वळताना किंवा वरखाली होतानाही त्याला ताकद पोचवणाऱ्या सांध्यांवर, असे आठ रबरी बूट (ग्रीस आत राखणारी घडीदार आवरणे) असतात. चीर बहुधा घडीच्या खोबणीत पडते आणि वरून पाहताना दिसत नाही. म्हणून हँडल पूर्ण वळवून प्रत्येक घडी बोटांनी उघडून पाहावी. आसपासच्या भागावर ग्रीसचे शिंतोडे दिसले, तर बूट फाटला आहे असे समजावे. फाटलेला बूट वेळेवर बदलला, तर खर्च आटोक्यात राहतो. चालढकल केली, तर ग्रीसमध्ये मिसळलेली माती पूर्ण जॉइंट खाऊन टाकते. त्याच वेळी ॲक्सलभोवती कुंपणाची तार किंवा दोरी गुंडाळली गेली नाही ना, हेही पाहावे, कारण ती थेट सील कापते.

ऑटोमॅटिक एटीव्हीत सीव्हीटी, म्हणजे गिअर न बदलता बेल्टवर वेग जुळवणारी यंत्रणा, असते. तिच्या पेटीत पाणी गेले, की बेल्ट घसरतो. इंजिन ओरडते, पण गाडी ओढत नाही. पेटीच्या तळाशी निचऱ्याचे बूच असल्यास ते उघडावे, गाडी न्यूट्रलमध्ये ठेवून पार्किंग ब्रेक लावावा आणि ॲक्सिलरेटर थोडा थोडा वाढवून पाणी बाहेर फेकू द्यावे. एअर फिल्टर फोमचा असेल, तर साबणाच्या पाण्यात दाबून धुवावा. पिळू नये, पेट्रोलमध्ये तर मुळीच बुडवू नये. सावलीत पूर्ण वाळल्यावर त्याला फिल्टरचे तेल लावावे. कागदी फिल्टर भिजला, तर तो बदलावा.

यानंतर ग्रीस गन हाती घ्यावी. सस्पेन्शनच्या प्रत्येक निप्पलमध्ये (ग्रीस भरण्याच्या छोट्या तोंडात) जुने, मळकट ग्रीस बाहेर येऊन मागून स्वच्छ ग्रीस दिसेपर्यंत नवे ग्रीस भरावे. ब्रेकचे पॅड तपासावेत आणि आवारातच संथ गतीने गाडी चालवून वारंवार ब्रेक दाबून ते वाळवावेत.

धुलाईच्या पाण्याचाही विचार हवा. त्यात तेल आणि ग्रीस असते. ते ओढ्यात किंवा भातखाचरात न सोडता गाळ व तेल अडवणाऱ्या टाकीत न्यावे. टायरच्या खोबणीतील मातीबरोबर तणांचे बीही प्रवास करते. १९५० च्या दशकात पुण्यात प्रथम लक्षात आलेले गाजर गवत पुढे देशभर पसरले आणि त्या प्रसाराला वाहनांना चिकटलेल्या मातीनेही हातभार लावला. म्हणून गाडी एका डोंगरावरून दुसऱ्या डोंगराकडे नेण्याआधी टायर धुणे आवश्यक मानावे.

[दृश्य, अगदी जवळून : दुसऱ्या दिवशीची सकाळ. इंजिनाची डिपस्टिक (ऑइल मोजण्याची पट्टी) पांढऱ्या फडक्यावर पुसली जात आहे.]

ऑइलची तपासणी दुसऱ्या दिवशी, इंजिन सुरू करण्यापूर्वी करावी. पाणी तेलापेक्षा जड असल्याने रात्रभरात तळाशी बसते आणि डिफरन्शियलचे निचऱ्याचे बूच किंचित सैल केले, की तेलाआधी तेच बाहेर येते. डिपस्टिकवरील ऑइल पाणी मिसळून दुधाळ दिसले, तर स्टार्टरला हात लावू नये. ऑइल आणि फिल्टर बदलावे, इंजिन थोडा वेळ चालवून ऑइल पुन्हा पाहावे, आणि दुधाळपणा उरला असेल, तर पुन्हा बदलावे. ऑइल स्वच्छ दिसेपर्यंत ती गाडी फेरीवर पाठवू नये.