ओढ्यात पाणी किती?

[दृश्य: पारसिकच्या डोंगराचा पश्चिम उतार, ऑक्टोबरची सकाळ. कातळावरून वाहणारा ओढा.]

निवेदन:
पारसिकच्या डोंगरावरून नवी मुंबईच्या बाजूला उतरणारे ओढे लांबीला तोकडे. जुलैत पाय ठरू न देणारं पाणी पावसाळा सरला की घोट्याशी येतं, आणि पुढे कातळाच्या कडेवरून नुसती धार पडते. त्यामुळे सेकंदाला किती पाणी वाहतं ते मोजायची रीतही बदलत जाते. एक मात्र आधीच सांगायला हवं: माथ्यावर ढग दाटलेले असतील तर ओढ्यात उतरू नका. पायथ्याशी ऊन असतानाही लोंढा येतो.

[दृश्य: सुतळी, टेप, खुणा केलेली पट्टी, संत्री.]

गुडघ्याखालचं पाणी असेल तर वेग मोजायला तरंगतं संत्रं पुरतं. सालीसकट हवं, सोललेलं बुडतं. थर्माकोल नको, तो पाण्यापेक्षा वाऱ्याचं जास्त ऐकतो.

दहा मीटरचा सरळ पट्टा निवडा. मध्ये मोठा धोंडा, भोवरा किंवा डोह नको. दोन्ही टोकांना सुतळी आडवी ताणा. समजा, रुंदी 2 मीटर आहे. सुतळीखाली दर 25 सेंटीमीटरवर पट्टी तळाला टेकवायची, म्हणजे सात मापं मिळतील. पट्टीची धार प्रवाहाकडे ठेवा. रुंद बाजू आडवी धरली तर पाणी तिच्यावर चढतं आणि खोली जास्त दिसते.

इथेच बहुतेकांचा हिशेब चुकतो. सात मापांची बेरीज आठने भागायची, कारण भाग आठ आहेत आणि दोन्ही काठांवर खोली शून्य. सातने भागलंत तर ओढा कागदावर चौदा टक्के फुगतो. बेरीज 144 आली, तर सरासरी खोली 18 सेंटीमीटर आणि छेदाचं, म्हणजे सुतळीखाली पाणी आडवं कापलं तर दिसेल त्या भागाचं, क्षेत्रफळ 0.36 चौरस मीटर. दुसऱ्या टोकालाही असंच मोजून दोन्हींची सरासरी घ्या.

[दृश्य: संत्रं पहिल्या सुतळीखालून जातं. मोबाइलवर स्टॉपवॉच.]

संत्रं पहिल्या सुतळीच्या दोन मीटर वर सोडा, म्हणजे सुतळीपाशी येईपर्यंत ते पाण्याच्या वेगाला लागतं. मधून, डावीकडून, उजवीकडून, प्रत्येकी दोनदा. अडकलेली फेरी सोडून द्या. सरासरी 25 सेकंद लागले, तर वेग सेकंदाला 0.4 मीटर.

पण हा वेग वरच्या थराचा. तळाशी दगड पाणी अडवतात. गुळगुळीत, खोल पाटात 0.85 ने गुणतात. अशा उथळ, खडकाळ ओढ्यात 0.6 ते 0.7. आपण 0.65 घेऊ. क्षेत्रफळ, वेग आणि हा आकडा यांचा गुणाकार केला की उत्तर सेकंदाला 0.0936 घनमीटर, म्हणजे सुमारे 94 लिटर. तेच 0.85 घेतलं असतं तर 122! म्हणून या रीतीचं उत्तर ‘सुमारे’ लावूनच सांगावं.

[दृश्य: कातळाच्या कडेला बसवलेला पाइप, खाली बादली.]

धार उरली की बादली. मातीचा बांध घालून सगळं पाणी पाइपात घ्या. बाजूने झिरपतं ते चिकणमातीने बुजवा. बादलीवर छापलेल्या लिटरवर विसंबू नका, मापाने पाणी ओतून 15 लिटरची खूण स्वतः करा. भरायला 12 सेकंद लागले तर सेकंदाला सव्वा लिटर, म्हणजे दिवसाला 1 लाख 8 हजार लिटर. बादली तीनच सेकंदांत भरत असेल तर मोठं पिंप आणा. तिथे अर्ध्या सेकंदाची चूक म्हणजे सतरा टक्के.

[दृश्य: शहरातला पक्का नाला, खाडीजवळ.]

हाच ओढा खाली नाला होऊन खाडीला मिळतो. तिथे मोजायला जाऊ नका. भरतीला संत्रं थांबतं, कधी उलटं फिरतं; ओहोटीला आधी साठलेलं पाणीही सोबत निघतं. भरतीचं पाणी पोचत नाही अशी जागा वर शोधा. नोंदीत तारीख, वेळ आणि शेवटचा पाऊस केव्हा थांबला तेही लिहा, कारण सरीनंतर तासाभरात हा आकडा निराळा असेल.