तेतला व्हिएतनामला जाताय? आधी ही तारीख बघा

नमस्कार मंडळी! जानेवारी-फेब्रुवारीत व्हिएतनामला जायचं असेल, तर तिकीट काढण्याआधी एक बघा: तेत कधी आहे? तेत म्हणजे तिथलं नववर्ष, वर्षातला सगळ्यात मोठा सण. २०२७ मध्ये तो ६ फेब्रुवारीला, शनिवारी आहे. तारीख दरवर्षी सरकते, कारण तिथलं पंचांगही चंद्रावर चालतं. आपल्यासारखा अधिक महिनाही त्यात येतो.

माझं ऐकाल तर सणाच्या दिवशी पोचू नका, आठवडाभर आधी पोचा. खरी मजा तयारीत आहे! ३० जानेवारीला चुलीचे देव, ओंग ताओ, घराची वर्षभराची खबर घेऊन स्वर्गात निघतात. त्यांचं वाहन कार्प मासा, म्हणून लोक तळ्यात, नदीत जिवंत मासे सोडतात. मग हनोईत क्वांग बाचा फुलबाजार रात्रभर गजबजलेला असतो. गुलाबी पीचची अख्खी झाडं स्कूटरच्या मागे बांधून नेताना दिसतात. दक्षिणेत, हो ची मिन्ह सिटीत, मान ‘माई’ नावाच्या पिवळ्या फुलांना. तिथला न्गुएन ह्वे रस्ता फुलांनी सजतो, तो चुकवू नका.

आता प्रवास. सणाला सगळा देश गावी जायला निघतो. रेल्वे, बस, विमान, सगळीकडे तोबा गर्दी. म्हणून शहर बदलायचं ते सणाच्या तीन-चार दिवस आधीच बदला आणि मग एकाच ठिकाणी मुक्काम करा. पहिले तीन दिवस बरीच दुकानं, खाणावळी बंद असतात. नाश्ता मिळेल असंच हॉटेल घ्या, थोडा खाऊ जवळ ठेवा. हनोईपेक्षा होई आनसारख्या पर्यटकांच्या गावात खाण्याचे हाल कमी होतात.

शाकाहारी मंडळी, सणाचा बान्ह चुंग चिकट तांदळाचा असला तरी आत डुकराचं मांस असतं. ‘चाय’ म्हणजे शाकाहारी. तसा मागितलात तर तोही मिळू शकतो.

आणि पहिल्या दिवशी कुणाच्या घरी न बोलावता जाऊ नका. उंबरा पहिल्यांदा कोण ओलांडतं, त्यावर घराचं वर्षभराचं नशीब ठरतं असं ते मानतात, आणि तो माणूस पुष्कळदा विचार करून निवडलेला असतो.

राहिला व्हिसा. भारतीयांना ई-व्हिसा ऑनलाइन मिळतो. पण सणात सरकारी कचेऱ्या बंद, त्यामुळे जानेवारीच्या सुरुवातीलाच अर्ज भरून टाका.