लव्हलेस : अकरा ट्रॅक, एका बैठकीत

(सीडीचा ट्रे आत सरकतो. पडद्यावर आकडा उमटतो : १.)

स्नेअर या ड्रमवर चार ठोके, आणि पाचव्याची वाट बघावी तोवर गिटार अंगावर येते. हा ट्रॅक 'ओन्ली शॅलो'. माय ब्लडी व्हॅलेंटाइन या बँडचा 'लव्हलेस' हा अल्बम क्रिएशन रेकॉर्ड्स या कंपनीने ४ नोव्हेंबर १९९१ रोजी बाजारात आणला. अकरा ट्रॅक, साधारण साडेअठ्ठेचाळीस मिनिटं.

ऐकायला बसण्याआधी तीन गोष्टी तपासा. शफल (क्रम बदलून वाजवणं) बंद. क्रॉसफेड (एक ट्रॅक विरताना त्यावर पुढचा चढवणं) बंद. आणि आवाजाची पातळी आपोआप सारखी करणारी सोय चालू असेल, तर ती 'ट्रॅक'वरून 'अल्बम'वर आणा. नाहीतर हळू ट्रॅक उचलला जातो, मोठा दाबला जातो आणि अल्बमचा चढउतार सपाट होतो. आवाज अगदी बारीक ठेवला, तर कानाला आधी बेस कमी ऐकू येतो आणि मग वरच्या पट्टीतला कुरकुराटच उरतो. हा अल्बम कर्कश आहे म्हणणाऱ्या बऱ्याच जणांनी तो तसाच, बारीक आवाजात ऐकलेला असतो.

(जवळून : गिटारवरचा उजवा हात.)

आता या हाताकडे बघा. गिटार फेंडर जॅझमास्टर. ट्रेमोलोची दांडी बोटांत धरलेली आहे आणि त्याच हातानं स्ट्रमिंग चालू आहे. दांडी सोडायची नाही, सगळी मेख तिथेच आहे. प्रत्येक फटक्याबरोबर दांडी जराशी दबते, तारा सैल पडतात, सूर किंचित घसरतो आणि परत जागेवर येतो. डाव्या हातानं कॉर्ड बदललेली नाही, तरी ती स्थिर राहत नाही. बँडचा गिटारवादक-गायक केव्हिन शील्ड्सची हीच ती 'ग्लाइड गिटार'. कोरस नाही, फ्लँजर नाही, म्हणजे आवाज डोलवणारा कुठलाच इफेक्ट नाही.

जॅझमास्टरच का? या गिटारीत ब्रिजच्या (तारा ज्यावर टेकतात त्या पट्टीच्या) मागे तारेचा बराच लांब तुकडा मोकळा असतो आणि ब्रिज स्वतःच पुढे-मागे डोलतो, त्यामुळे दांडी मऊ चालते. त्याचा त्रासही आहे. ०.००९ इंचाच्या बारीक तारा लावल्या, तर जोरात वाजवताना तार सॅडलच्या (ब्रिजवरच्या तारेच्या टेकूच्या) उथळ खाचेतून बाहेर उडते. ०.०११ किंवा त्याहून जाड लावा. सॅडलची उंची ठरवणारे बारीक स्क्रू कंपनांनी हळूहळू फिरत जातात, सॅडल खाली बसतं आणि तार फ्रेटला घासून खरखरायला लागते. स्क्रूवर थ्रेडलॉकचा (स्क्रू जागेवर धरणाऱ्या गोंदाचा) एक थेंब टाकला की हे थांबतं.

(समोरासमोर ठेवलेले दोन अँप, मध्ये एक माइक.)

'ओन्ली शॅलो'मधली ती किंचाळी या मांडणीतून आली. दोन अँप तोंडाला तोंड लावून ठेवलेले, दोघांचा ट्रेमोलो (इथे गिटारची दांडी नव्हे, आवाज लहान-मोठा करत राहणारी अँपमधली सोय) वेगवेगळ्या गतीवर आणि माइक मधोमध. दोन्ही लाटा कधी जुळतात, कधी आडव्या जातात. ते रेकॉर्डिंग उलटं करून सॅम्पलरमध्ये (आवाजाचे तुकडे साठवून हवे तसे वाजवणाऱ्या यंत्रात) घातलं आणि थर एकमेकांत मिसळले. शेकडो गिटारी एकावर एक चढवल्यात, असं या अल्बमबद्दल वर्षानुवर्षं सांगितलं जातं. शील्ड्सचं म्हणणं नेमकं उलट आहे : लोकांच्या साध्या डेमोत असतात त्याहूनही कमी गिटार ट्रॅक (टेपवरचे वेगवेगळे रेकॉर्ड केलेले थर) यात आहेत. एका हेडफोनवर कान देऊन बघा. गिटार डावी-उजवीकडे पसरवलेली नाही, बहुतेक वेळ मधोमधच आहे.

'लूमर' अडीच मिनिटांत निघून जातो. त्यात ड्रम शोधायला जाऊ नका, जवळजवळ गाडलेले आहेत.

'टच्ड' ५६ सेकंदांचा. हा पूर्णपणे ड्रमर कॉल्म ओ कीसोगचा, सॅम्पलरवर रचलेला. रेकॉर्डिंगच्या काळात तब्येतीमुळे त्याला ड्रम वाजवता येत नव्हते, म्हणून बहुतेक ट्रॅकांत त्याच्याच ठोक्यांचे सॅम्पल जोडून ताल उभा केला आहे. ठोके त्याचे, रचना त्याची, फक्त वेळ कितीतरी जास्त लागला.

(आकडा : ४. यामाहा एसपीएक्स९० या इफेक्टच्या यंत्राचं पुढचं पॅनेल.)

'टू हिअर नोज व्हेन'. इथे थांबू या. पहिल्यांदा ऐकताना सीडी खराब निघाली की काय, असं वाटणं साहजिक आहे.

साधा रिव्हर्ब, म्हणजे आवाजामागची घुमणारी लांबण, सुरुवातीला मोठा असतो आणि हळूहळू विरतो. या यंत्रातल्या उलट्या रिव्हर्बमध्ये तो शून्यातून फुगत जातो आणि टोकाला पोहोचून तुटतो. आता मूळ गिटारचा कोरडा आवाज पूर्ण काढून टाका, फक्त रिव्हर्ब ठेवा. तारेला प्लेक्ट्रम लागल्याचा 'टक' गायब होतो. सूर कुठे सुरू झाला हे कानाला कळतच नाही, फक्त तो आला आहे एवढंच कळतं. त्याखाली दांडीची घसरण चालूच. म्हणून हे गाणं धुरासारखं वाटतं, आणि त्याच कारणानं ते खराब फाइलमध्ये सगळ्यात आधी मोडतं. आवाजाची गर्दी इतकी दाट आहे की १२८ केबीपीएसच्या एमपीथ्रीत वरच्या पट्टीत पाण्याखाली बोलल्यासारखी बुडबुड येते. ती बँडची करामत समजू नका. लॉसलेस फाइल किंवा सीडी घ्या.

बँडची गायिका-गिटारवादक बिलिंडा बुचरचा आवाज इथे गिटारीच्या वर नाही, तिच्या शेजारी आहे. शब्द कळले नाहीत म्हणून आवाज वाढवू नका, वाढवूनही कळणार नाहीत.

(स्टुडिओची काच. पडदा ओढला जातो.)

'व्हेन यू स्लीप'ची सुरावट अल्बमात सगळ्यात सोपी, गुणगुणता येण्याजोगी. बाई आणि पुरुष एकत्र गात आहेत असं वाटतं, पण दोन्ही आवाज शील्ड्सचेच, वेग कमी-जास्त केलेले. डझनभर टेक (एकाच गायनाची पुन्हा पुन्हा केलेली रेकॉर्डिंग) झाले, कुठला निवडावा ठरेना, शेवटी सगळेच एकत्र लावले. या अल्बमचं गायन रेकॉर्ड करताना शील्ड्स आणि बुचर काचेवर पडदा लावून घेत. पलीकडच्या इंजिनिअरला काहीच ऐकू जात नसे. टेक चांगला झाला की पडदा बाजूला करून हात हलवायचा, बस. बुचर तर बऱ्याचदा नुकतीच झोपेतून उठलेली असे, आणि ते आवाजात ऐकू येतं.

'आय ओन्ली सेड'मधला फिरून फिरून येणारा लीड ऐका. तो उघडतो-मिटतो, वा-वा पेडलसारखा. पेडल नाही. गिटार आधी ग्राफिक इक्वलायझर (आवाजाच्या पट्ट्या कमी-जास्त करणारी सोय) असलेल्या प्रीअँपमधून अँपला दिली. मग तो ट्रॅक पॅरामेट्रिक इक्वलायझरमधून दुसऱ्या ट्रॅकवर उतरवताना बटणं हातानं फिरवली.

(हात, बटण, पुन्हा हात.)

पेडलवर पायाची एकच हालचाल. इथे कुठली फ्रीक्वेन्सी, किती रुंद, किती वर, असं सगळं हातात आणि तेही टेप चालू असताना. चुकलं की ट्रॅक पहिल्यापासून उतरवायचा. या अल्बमला लागलेली दोन वर्षं आणि १९ स्टुडिओ कुठे गेले, याचं उत्तर अशा ठिकाणी सापडतं. क्रिएशनची अपेक्षा पाच दिवसांची होती!

'कम इन अलोन'मध्ये ड्रम प्रत्यक्ष वाजवलेले आहेत. आधीच्या ट्रॅकशी ताडून बघा, झांजेत फरक पटकन जाणवेल.

'समटाइम्स'ला गिटारच गिटार आहे. खाली अकूस्टिकचं स्ट्रमिंग, वर फझचं (फाटक्या, घरघरत्या गिटार-आवाजाचं) पांघरूण, ड्रम जवळपास नाहीतच. बेससाठी चांगले स्पीकर इथेच उपयोगी पडतात. 'ब्लोन अ विश' बुचरच्या आवाजांच्या थरांचं, साडेतीन मिनिटांचं.

(आकडा : १०. वेव्हफॉर्म.)

'व्हॉट यू वाँट'. गाणं संपलं असं वाटतं, पण आकडा १०च आहे. बासरीसारखं एक लूप फिरत राहतं, बराच वेळ. शफलवर हा तुकडा निरर्थक शेपूट वाटतो. क्रमानं ऐकलं तर कान त्या लुपाला सरावतो आणि त्यावर 'सून'चा ताल येऊन पडतो. शफल बंद करायला सांगितलं, ते मुख्यतः या जोडासाठी.

'सून' सात मिनिटांचा, नाचायच्या तालावर. हा १९९०च्या 'ग्लायडर' ईपीवर (मोजक्या गाण्यांच्या छोट्या रेकॉर्डवर) आधीच आला होता, आणि 'टू हिअर नोज व्हेन' फेब्रुवारी १९९१च्या 'ट्रेमोलो' ईपीवर. अल्बमच्या कव्हरवर इंजिनिअरांची लांबलचक यादी आहे. त्यातल्या काहींनी चहा करण्यापलीकडे फारसं काही केलं नाही, असं शील्ड्सच सांगतो. अल्बम ब्रिटनच्या खपाच्या यादीत २४व्या क्रमांकापर्यंत गेला, क्रिएशनने बँडला निरोप दिला, पुढचा अल्बम आला तो २०१३ मध्ये.

(आकडा : ११. ड्रमचा लूप चालू.)

पुन्हा लावाल तेव्हा गिटार सोडून द्या आणि सुरुवातीपासून फक्त बेसच्या मागे जा. कव्हरवर बेससमोर बँडची बेसवादक डेबी गूजचं नाव आहे, वाजवणारा मात्र बहुतेक ठिकाणी शील्ड्सच. वरची गिटार सुरावरून घसरत असते तेव्हा मूळ सूर या बेसनेच धरून ठेवलेला असतो.