पाच पानांची नोटीस, दीड पानात

(पहाट. ओटा, तवा, भिंतीला टेकवून ठेवलेले डबे.)

पुण्यातलं कर्वेनगर, पहाटेचे साडेपाच, घरून डबे पुरवणाऱ्या ताईंची कणीक मळून झालीये. डबे मोजा. बावीस. दिवाळीच्या आधी याच ओट्यावर चाळीस असायचे.

मधे काय झालं, तर एक मेसेज. शेजारच्या सोसायटीच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर, ताई पण होत्या त्यात, एकाने टाकलं की या बाईंची भाजी शिळी असते, तळणीचं तेल परत वापरतात, आमच्या मुलाला विषबाधा झाली. ताई म्हणतात त्या घरी आपला डबा कधी गेलेलाच नाही.

रागाच्या भरात ताईंनी ग्रुप सोडला, अख्खी चॅट उडवली आणि तडक पोलीस चौकी गाठली. चौकीत एनसी, म्हणजे अदखलपात्र गुन्ह्याची नुसती नोंद, लिहून घेतली, संपलं, कारण बदनामी हा अदखलपात्र गुन्हा आहे, त्यात पोलीस आपणहून काही करत नाहीत, मॅजिस्ट्रेटसमोर आपणच फिर्याद घेऊन जायचं. आणि चॅट उडवल्यामुळे पुरावा हातातून गेला तो वेगळाच. शेवटी पहिल्या मजल्यावरच्या काकूंच्या फोनमधून स्क्रीनशॉट घेतले, आता उद्या कोर्टात ते दाखवायचे झाले तर ते कुठल्या फोनमधून कसे घेतले याचं, साक्ष अधिनियमाच्या कलम 63 खालचं प्रमाणपत्रही काकूंनाच द्यावं लागणार. काकू तयार आहेत, काका नाहीत.

(शिवाजीनगर कोर्ट. काळे कोट, टायपिंगवाल्यांची टेबलं.)

त्या माणसाला वकिलाची नोटीस पाठवायची म्हणून ताई इथे आल्या. वकीलबाईंनी पहिला प्रश्न विचारला तो असा, “हे खोटंच आहे ना? नक्की?” हाच प्रश्न तीनदा विचारला. तेलाची बिलं मागितली, अन्न परवाना मागितला. कारण बोललेलं खरं असेल आणि लोकांच्या हिताचं असेल तर ती बदनामीच नाही, भारतीय न्याय संहितेच्या कलम 356 मधला पहिला अपवाद हाच आहे. 1 जुलै 2024 च्या आधी हेच जुन्या दंड संहितेचं कलम 499 आणि 500 होतं, जुन्या नोटिशी कॉपीपेस्ट करणारे अजून तेच आकडे ठोकून देतात.

आता हा कागद जवळून बघा. ताईंनी हाताने लिहून आणलेला नोटिशीचा मसुदा, पाच पानं. आणि त्यावर लाल पेन.

“देव तुम्हाला बघून घेईल”, खोडलं. त्या माणसाच्या नोकरीबद्दल, बायकोबद्दल चार ओळी होत्या त्या तर आडव्या रेघा मारून खोडल्यात, नोटिशीत आपणच समोरच्याची बदनामी केली तर उलटी नोटीस यायला किती वेळ लागतो. भरपाई 50 लाख, खोडलं. मागायला काय जातंय असं आपल्याला वाटतं पण उद्या दावा लावायचा तर मागितलेल्या रकमेवर कोर्ट फी भरावी लागते. ग्रुप अॅडमिनलाही नोटीस पाठवा असा ताईंचा हट्ट होता, तेही खोडलं. मेंबरने काहीबाही टाकलं म्हणून अॅडमिन आपोआप दोषी ठरत नाही असं मुंबई हायकोर्टाच्या नागपूर खंडपीठाने 2021 मध्येच सांगितलंय.

मग उरलं काय? मेसेज, शब्दाला शब्द, चुकीच्या शुद्धलेखनासकट. तारीख, वेळ रात्री 9.42. कोणत्या ग्रुपवर. यातलं खोटं काय आणि कशावरून. आणि मागणी, मेसेज मागे घ्या, त्याच ग्रुपवर लेखी माफी मागा, पुन्हा असं लिहू नका, 15 दिवसांत. त्याच ग्रुपवर ही अट वकीलबाईंची, बदनामी चारचौघात केलीत तर माफी पर्सनलवर कशी चालेल.

(टायपिंगवाले काका. बोटं, की-बोर्ड.)

“माझे अशिलांचे सूचनेवरून व त्यांचे वतीने आपणांस नोटीस देणेत येते की…” काका न बघता टाइप करतायत. देण्यात नाही, देणेत. ही मराठी आता बहुतेक कोर्टाच्या आवारातच ऐकू येते आणि खरं सांगायचं तर ऐकायला भारी वाटते. शेवटची ओळ काकांना पाठ आहे, “होणाऱ्या खर्चास व परिणामास सर्वस्वी आपण जबाबदार राहाल.” दीड पान झालं.

कायद्याने ही नोटीस द्यायलाच पाहिजे असं काही नाही, थेट भरपाईचा दावाही लावता येतो, फक्त तो एका वर्षाच्या आत. पण वकीलबाई म्हणतात, निम्मी भांडणं या कागदावरच मिटावीत म्हणून तर तो नीट लिहायचा.

(पोस्ट ऑफिस. पाकीट, शिक्का.)

वकीलबाईंच्या तोंडून अजून रजिस्टर एडीच येतं, म्हणजे पोचपावतीसकट रजिस्टर पोस्ट. 2025 मध्ये पोस्टाने रजिस्टर पोस्ट स्पीड पोस्टातच मिसळून टाकलंय, खिडकीवरच्या माणसाने हसून तेच सांगितलं. ताईंनी पावती घेतली, घडी घातली, ब्लाउजमधल्या छोट्या पाकिटात ठेवली.

बाराव्या दिवशी ग्रुपवर दोन ओळींची माफी आली, मेसेज मागे घेतला, सहा डबे परत सुरू झाले, बाकीचे नाही.

(पुन्हा ओटा. तव्यावर पोळी फुगते.)

नोटिशीची ऑफिस कॉपी गॅसच्या पुस्तकात ठेवलीये. आज डबे अठ्ठावीस.