खुर्च्या आवरेपर्यंत थांबा

मंडळी, एएची, म्हणजे अल्कोहोलिक्स ॲनॉनिमस या दारू सोडू पाहणाऱ्यांच्या संघटनेची, माझी पहिली मीटिंग मी शेवटच्या रांगेत, दाराला लागून असलेल्या खुर्चीत बसून काढली. पळायला सोपं पडावं म्हणून. एक गृहस्थ उभे राहिले आणि म्हणाले, "एकवीस वर्षं झाली." मला न पिता एकवीस तास जमत नव्हते; म्हटलं, याचं काय ऐकायचं? शेवटच्या प्रार्थनेला सगळे उभे राहिले तसा मी सटकलो. घरी जाहीर केलं, "एए आपल्यासाठी नाही," आणि पुढचे आठ महिने पीत राहिलो.

गंमत बघा. एका बारमध्ये हाणामारी झाली म्हणून मी पिणं सोडलं नव्हतं, दुसरा बार शोधला होता. मीटिंगच्या वाट्याला मात्र एकच संधी आली.

एए सुरू झाली तीच दोन माणसांच्या मीटिंगने. मे 1935. बिल विल्सन हा शेअरबाजारातला माणूस धंद्याच्या कामाने अमेरिकेतल्या ॲक्रन शहरात आला होता. काम फसलं. दारू सोडून जेमतेम पाच महिने झाले होते आणि हॉटेलच्या लॉबीत बारचा गलबला ऐकू येत होता. तो फोनकडे वळला. एका चर्चला फोन लावला, तिथून ओळखीतून ओळख निघत डॉक्टर बॉब स्मिथ यांच्यापर्यंत पोचला. हे शल्यविशारद, आणि पक्के पिणारे. पंधरा मिनिटांच्या वर बसणार नाही, असं ठरवूनच डॉक्टर आले होते. बसले कित्येक तास. कारण समोरचा माणूस उपदेश करत नव्हता. आज मी पिऊ नये म्हणून तुमच्याशी बोलतोय, असं सांगत होता. नंतर डॉक्टर एकदा घसरलेही. 10 जून 1935 ला त्यांनी शेवटचा पेला घेतला, तोच एएचा जन्मदिवस मानतात.

एएच्या परंपरेप्रमाणे प्रत्येक गट आपला कारभार आपण बघतो. वरून साहेब येऊन तपासणी करत नाही. म्हणून तर दारूतून बाहेर पडायच्या एएच्या बारा पायऱ्या त्याच असल्या तरी दोन मीटिंगांचा स्वभाव दोन सख्ख्या भावांइतका वेगळा निघतो. कुठे अनुभव सांगतात, कुठे एकेक पायरी घेऊन अभ्यास करतात, कुठे एएचं 1939 सालचं मूळ पुस्तक, 'बिग बुक', वाचतात. खुल्या मीटिंगला कुणीही येऊन बसू शकतं, घरचेही. बंद मीटिंग फक्त पिण्याचा त्रास असलेल्यांची. पहिल्यांदा जाताना धाकधूक असेल तर घरच्या कुणाला घेऊन खुल्या मीटिंगला जा. फी नाही. पात्रता एकच, दारू सोडायची इच्छा. (घरच्यांची स्वतःची सोय वेगळी आहे, अल-अॅनॉन, 1951 पासून.)

देवाचं नाव ऐकून बिचकणारे पुष्कळ. मीही बिचकलो होतो. पायऱ्यांमध्येच "आम्हाला जसा उमगला तसा" अशी सोय ठेवलेली आहे. तरी नाहीच पटलं तर स्मार्ट रिकव्हरी नावाची दुसरी संघटना आहे, तिथे देवाचा विषयच नसतो. फक्त बायकांसाठी विमेन फॉर सोब्रायटी आहे, 1975 पासून. दारू सुटणं महत्त्वाचं, पाटी कुठलीही असो.

मीटिंग कुठली घ्यायची, हे मी सहा ठिकाणी बसून शिकलो. वक्ता कसा बोलतो त्याकडे मी फारसं बघत नाही. नव्या माणसाशी कुणी आपणहून बोलतं का, ते बघतो. लोक हसतात का, तेही बघतो. आपल्याच फजितीवर हसता आलं की माणूस बराच पुढे आलेला असतो. आणि दोन ठिकाणांहून चपला घालून निघावं: जिथे कुणी तुमची मानसोपचाराची औषधं बंद करायला सांगतो, आणि जिथे नव्याने आलेल्या बाईच्या भोवती जुने पुरुष घोटाळतात. स्पॉन्सर, म्हणजे नव्याला हात देणारा जुना सदस्य, म्हणून बाईने बाई आणि पुरुषाने पुरुष घ्यावा, हा शिरस्ता उगाच पडलेला नाही.

एक गोष्ट मात्र मीटिंगच्या आधीची. रोज भरपूर पिणाऱ्याने एकदम थांबू नये. डॉक्टरला विचारून थांबावं. पहिल्या दोन दिवसांत फिट येऊ शकते, आणि साधारण दुसऱ्या-तिसऱ्या दिवसापासून भ्रम, भास, ताप, थरथर. जीव जातो त्यात. तिथे मीटिंगचा उपयोग नाही, दवाखान्याचाच आहे.

आठ महिन्यांनी मी दुसऱ्या एका गटात गेलो. तिथेही शेवटची खुर्ची. प्रार्थना झाली, मी दाराकडे निघालो, तर एका म्हाताऱ्याने चार घडीच्या खुर्च्या माझ्या हातात दिल्या. "त्या भिंतीला लावा." कधीपासून पितोस, किती पितोस, काही नाही. मी लावल्या. मग आणखी चार. हात कापत होते, एक खुर्ची जोरात आपटली. कुणी वळूनही पाहिलं नाही. झाडू मारता मारता त्यांनी एका पत्रकाच्या पाठीवर आपला नंबर लिहून दिला. "पिण्याआधी करा. प्यायल्यावर केलात तरी उचलीन, पण बोलणार सकाळी."

मी फोन केला नाही. पुढच्या आठवड्यात मात्र पाऊण तास आधी जाऊन दाराशी उभा राहिलो. ते किल्ली घेऊन आले, मला पाहिलं आणि म्हणाले, "बरं झालं आलात. आज मांडायच्यात."