भिंतीबाहेरची सावली

(दृश्य : जांभळी नाका, मे महिन्यातील दुपार. दुकानांपुढे ताणलेली रंगीत छते.)

ठाण्यातील जांभळी नाक्याच्या बाजारपेठेत भर दुपारी ग्राहक थांबतो, तो दुकानापुढे ताणलेल्या या छतांखाली. भाजीच्या टोपल्या, कापडाचे तागे आणि समोर उभे असलेले गिऱ्हाईक या साऱ्यांना सावली देणारे हे ऑनिंग अनेकांना दुकानाची सजावट वाटते. वास्तविक ते दुकानाच्या भिंतीइतकेच आवश्यक आहे.

(दृश्य : पश्चिमेकडील खिडक्या, तिरपे ऊन.)

ठाणे साधारणपणे 19.2 उत्तर अक्षांशावर वसलेले असल्यामुळे मे महिन्याच्या मध्यावर आणि पुन्हा जुलैच्या अखेरीस सूर्य माध्यान्ही थेट डोक्यावर येतो. त्या वेळी खिडकीवरचा दीड फुटांचा सिमेंटचा छज्जाही पुरतो. मात्र दुपार कलल्यावर पश्चिमेचे तिरपे ऊन छज्ज्याखालून सरळ खोलीत शिरते आणि जून उजाडला की नैर्ऋत्येच्या वाऱ्याबरोबर पावसाची झडही बहुतांशी त्याच बाजूने येते. घर ठाण्यात असो की नेरूळला, पश्चिमेच्या भिंतीला हा दुहेरी मारा चुकत नाही. कोकणातील जुन्या कौलारू घरांनी त्यावर पडवीचा उपाय शोधला होता. उतरते छप्पर भिंतीच्या बरेच पुढे आणल्यामुळे पागोळ्या अंगणात पडत आणि भिंत कोरडी राहत असे. नव्या इमारतींनी काचा मोठ्या केल्या, पण पडवी सोडून दिली, आणि आमच्या मते ही उणीव ऑनिंगनेच भरून निघू शकते.

पडदा लावला की ऊन अडते, असा आपला समज असतो. परंतु काच ओलांडून आत आलेली उष्णता पडद्यावर आपटली, तरी तिचा मोठा भाग खोलीतच राहतो. ऑनिंग मात्र ऊन काचेपर्यंत पोहोचण्याआधीच अडवते. अमेरिकेच्या ऊर्जा विभागाच्या माहितीनुसार, खिडकीवरील ऑनिंगमुळे उन्हाळ्यात सूर्यापासून आत येणारी उष्णता दक्षिणेच्या खिडकीत 65 टक्क्यांपर्यंत, तर पश्चिमेच्या खिडकीत 77 टक्क्यांपर्यंत कमी होते. हे आकडे तिकडच्या हवामानाचे आहेत. पश्चिमेच्या खिडकीला होणारा लाभ अधिक, हे त्यातले सूत्र मात्र आपल्यालाही लागू पडते.

(दृश्य : वागळे इस्टेटमधील कारखाना. पाइप कापणे, वेल्डिंग, कापडाची शिलाई.)

वागळे इस्टेटमधल्या या कारखान्यात एका ऑनिंगचा सांगाडा आकार घेत आहे. माप घेताना कारागीर खिडकीच्या रुंदीला दोन्ही बाजूंनी थोडी वाढ देतो, कारण झड समोरूनच येईल असे नाही. त्यानंतर उतार ठरतो. दर फुटाला निदान तीन इंच उतार नसेल, तर कापडाला पोट पडते आणि पाणी साचते; एक चौरस मीटर कापडावर केवळ एक सेंटीमीटर पाणी उभे राहिले, तरी सांगाड्यावर दहा किलोंचा भार वाढतो. कापलेल्या लोखंडी पाइपांना जोड दिल्यानंतर वेल्डिंगची जागा घासून तिच्यावर रेड ऑक्साइडचा, म्हणजे गंज रोखणाऱ्या रंगाचा, हात दिला जातो, कारण खाडीकाठच्या दमट, खारट हवेत गंज प्रथम तिथूनच धरतो. कापड सहसा पीव्हीसीचा थर दिलेल्या पॉलिस्टरचे किंवा ॲक्रिलिकचे असते. त्याचे जोड उताराच्या दिशेने घेतले, तर शिवणीत पाणी अडत नाही. कापडाऐवजी पॉलिकार्बोनेटची, म्हणजे टणक प्लास्टिकची, शीट वापरायची असल्यास उन्हापासून संरक्षण देणारी तिची बाजू वरच आली पाहिजे, आणि उन्हात शीट प्रसरण पावत असल्याने स्क्रूची छिद्रे किंचित मोठी ठेवावी लागतात. ही काळजी घेतली नाही, तर शीट लवकर पिवळी पडते किंवा छिद्रापाशी तडकते.

(दृश्य : इमारतीवर बसवणी. बीममध्ये ड्रिल, बोल्ट, सीलंट.)

सर्वांत निर्णायक काम भिंतीवर होते. सांगाडा भिंतीला धरून ठेवणारे अँकर बोल्ट शक्यतो काँक्रीटच्या बीममध्येच घ्यावेत, कारण वारा ऑनिंगला केवळ ढकलत नाही, तर खालून उचलतोही, आणि पोकळ विटेतला बोल्ट हा ताण फार काळ सोसत नाही. भिंत आणि सांगाडा यांमधली फट सीलंटने बुजवली नाही, तर पाणी ऑनिंगच्या मागूनच खाली उतरते. इथे घाई करणाऱ्या कारागिराकडून काम करून घेऊ नये.

निखळलेली शीट वादळात खाली कोसळून जीवघेणी ठरू शकते, आणि अरुंद गल्लीत पुढे आलेली छते अग्निशमन दलाची वाट अडवतात. म्हणून सोसायटीची लेखी संमती आणि महापालिकेचे नियम आधी पाहणे अनिवार्य आहे.

(दृश्य : घडीचे ऑनिंग उघडताना, मिटताना.)

घडीच्या ऑनिंगमध्ये बाहूंतल्या स्प्रिंगा कापड ताणून धरतात. जोराचा वारा सुटताच ते मिटून घ्यावे. पावसात भिजलेले कापड तसेच गुंडाळल्यास बुरशी धरते, म्हणून उघडीप मिळताच ते पुन्हा पसरून पूर्ण वाळवावे, आणि मेअखेरीस प्रत्येक बोल्ट एकदा आवळून घ्यावा.