डॉल्फिन : महामार्गाच्या दुसऱ्या टोकाची मोटार

साताऱ्यावरून जाणारा महामार्ग दक्षिणेला जिथे बंगळूर गाठतो, तिथे १९८२ साली दोन दारांची एक छोटी मोटार बाजारात आली. तिचे नाव डॉल्फिन. कारखान्यांना उत्पादनासाठी सरकारी परवाना लागे, त्या काळात घरची मोटार घ्यायची म्हटले की अँबॅसिडर नाहीतर प्रीमियर पद्मिनी, एवढीच निवड बहुतेकांपुढे असे.

डॉल्फिन काढणाऱ्या सिपानी कंपनीने त्याआधी बादल ही तीनचाकी मोटार बनवली होती. नव्या मोटारीसाठी तिने इंग्लंडच्या रिलायंट कंपनीच्या किटन या गाडीचा आराखडा घेतला. पोलादी चासीवर फायबरची बॉडी, पुढे ८४८ सीसीचे चार सिलिंडरचे अॅल्युमिनियमचे इंजिन आणि मागच्या चाकांना गती, अशी तिची रचना होती. वजन कमी असल्याने एवढेसे इंजिनही तिला चपळाईने ओढत असे, आणि म्हणूनच मोटार-रॅलीत भाग घेणाऱ्यांना ती आवडली. खंबाटकीचा घाट चढणाऱ्या साताऱ्याच्या चालकाला हलक्या गाडीचे मोल वेगळे सांगावे लागत नाही.

तरीही ती घरोघरी पोचली नाही, आणि आमच्या मते याचे कारण तिच्या यंत्रात नव्हते. कुलदैवताला निघालेल्या कुटुंबात नऊवारी सावरत मागच्या सीटवर जाणाऱ्या आजीचा विचार दोन दारांच्या गाडीत झालेला नव्हता. फायबर गंजत नाही, ही महाबळेश्वर-कासच्या पावसात केवढी मोठी सोय! परंतु गॅरेजमधल्या मिस्त्रीचा हात पत्र्यावर बसलेला असतो. पोचा आलेला पत्रा ठोकून सरळ करता येतो, तर तडा गेलेल्या फायबरला काचतंतू आणि रेझिनचे थर देऊन सांधावे लागते. त्यामुळे भक्कम असूनही ही बॉडी लोकांना नाजूक वाटली, हा त्या गाडीवरचा अन्यायच होता.

डिसेंबर १९८३ मध्ये मारुती ८०० आली. ७९६ सीसीचे इंजिन, पत्र्याची बॉडी, बाजूंना चार दारे आणि पाठीशी सरकार व सुझुकी. सिपानीने पुढे मॉन्टाना या नावाने चार दारांची गाडी काढली, म्हणजे ग्राहकाचे म्हणणे कंपनीला उमगले होते. पण १९८६ मध्ये मारुतीचेही नवे रूप आले होते आणि तोवर छोट्या मोटारीचा ग्राहक तिच्याकडे वळला होता.